चौदा वर्षांचं काय

१४ जानेवारी १९८५, सोमवार
पाळी बदलून घेतली. फिलूला घेऊन हॉस्पिटलात. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली, मग दोन शिकाऊ मुलांनाही ऐकवली. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता का, विचारलं. फिलू म्हणाली, हो, वसईला, नऊ-दहा वर्षांची असेन. त्या तापाने हृदयाची झडप आवळली आहे. ऑपरेशन. बरगड्यांमधून आत जाऊन झडप मोकळी करतात. मार्चअखेर नंबर लागेल.
"नाही केलं तर?" मी विचारलं.
"आता जिने चढताना दम लागतो. पुढे बसल्याबसल्या लागेल."
पंधरा वर्षं बॉयलरवर आहे. व्हॉल्व्ह आवळला की मागे काय साठत जातं, ते मला कोणी समजवायला नको. नको तेवढं कळलं.
येताना रिक्षा आमच्या गल्लीत वळली तेव्हा फि. म्हणाली, "मला फादरना भेटायचंय."
कुठल्या फादरना, असं विचारलं. खरं तर कळलं होतं, तिच्या कॅथलिक चर्चच्या.

१६ जाने.
आज मेथी निवडताना तुकड्यातुकड्यांनी बोलली. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाताना म्हणाली होती, फिलू बाहेर राहिली. पास्कूने, म्हणजे फि.च्या भावाने, हे तेव्हा लपवलं. या नाताळात सांगून टाकलं. कशाला सांगितलं देव जाणे.
"बाहेर म्हणजे कुठे? दर रविवारी देवळात येतेस ना?"
"तुझ्या देवळात."
"चौदा वर्षं गातेस तिथे. पहिल्या बाकावर बसून."
"गाते रे. गायला आवडतं मला. पण मेल्यावर मला गाणं कोण विचारणार आहे?"
लग्न आमच्या प्रॉटेस्टंट देवळात झालं तेव्हा तिचे वडील आले नाहीत. त्याचं तिला वाईट वाटतं, एवढंच मला वाटायचं. आत हे असं काही असेल...
राग नाही आला. भीती वाटली. तिच्या तोंडून 'मेल्यावर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

२२ जाने.
संध्याकाळी फादरकडे. साठीचे, बारीक, स्वेटर घातलेले. तेही वसईकडचे निघाले. फि. त्यांच्याशी तिकडच्या बोलीत बोलायला लागली, मला अर्धं कळलं. चेहरा मात्र वेगळाच झाला तिचा. माहेरी गेल्यासारखा.
मग माझ्याशी बोलले. शांतपणे. ती कॅथलिक, लग्न परवानगीशिवाय दुसरीकडे लागलं. ख्रिस्तसभेच्या हिशेबी ते लग्न धरलं जात नाही.
"आमची मुलगी बारा वर्षांची आहे," मी म्हणालो.
"तिचा स्नानसंस्कार झालाय ना?"
"बाप्तिस्मा झालाय. आमच्या देवळात."
"तेच ते. तो चालतो. पुन्हा करायचा नसतो."
म्हणजे पोरीचं पाणी चालतं, आईबापांचं लग्न चालत नाही.
उपाय सोपा आहे म्हणाले. दोन साक्षीदार, दोघांनी एकमेकांना नव्याने 'हो' म्हणायचं, दहा मिनिटांचं काम. मला कॅथलिक व्हायला नको.
"आज पहिल्यांदा लग्न करतोय असं म्हणायचं?"
"म्हणायचं, आणि मनातही तसंच धरायचं. जुनंच परत म्हणतोय असं मनात असेल तर त्याने काही होत नाही. हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो, फसवत नाही."
मी उठलो. फाटकाशी जाऊन उभा राहिलो. फि. अजून वीस मिनिटं आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण श्वास बरा चालला होता.

२४ जाने.
फि.ने अंथरूण शालूशेजारी घातलं. लग्न धरलं जात नाही तर वेगळं झोपा, असं काही फादर म्हणाले नव्हते. तिच्या तिनेच ठरवलं.
"रागावू नको. ऑपरेशनपर्यंत."
मी म्हणालो, नाही रागावलो. शालूला सांगितलं, आईला खोकला आहे, माझी झोप मोडते. शालूने माझ्याकडे बघितलं. तिला खोटं कळतं आता.

२९ जाने.
आमच्या देवळाचे पाळकसाहेब घरी आले. कोणीतरी कळवलं असणार. चहा घेतला, प्रार्थना केली, फि. आत गेल्यावर मला म्हणाले, "यशवंतराव, एवढं लक्षात घ्या. तिकडे जाऊन पुन्हा लग्न लावलंत, तर पहिलं खोटं होतं असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगताय. ते मी लावलं होतं. आणि मुलीचं काय? उद्या तिच्या स्थळाच्या वेळी कोणी विचारलं तर?"
"पण खरं काय, साहेब? ते म्हणतात तेच एक खरे."
"तसं म्हणणारे पुष्कळ झाले. खरी मंडळी, खरं चर्च कुठलं ते प्रभूला माहीत."
मग प्रभूला माहीत आहे तर तुम्ही नको का म्हणता, असं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. मोठे आहेत, माझ्या आईला त्यांनीच पुरलं.
ते गेल्यावर शालू बाहेर आली. दाराआड होती. "पपा, तुमचं लग्न झालं नव्हतं?"
झालं होतं, फोटो आहे की भिंतीवर, म्हणालो. ती फोटोपाशी जाऊन उभी राहिली.

३१ जाने.
आज कामावर असताना आजोबा आठवले. दुष्काळात मिशनच्या खडी फोडण्याच्या कामावर गेले, ज्वारी मिळायची, तिथेच बाप्तिस्मा झाला. नदीच्या अलीकडे आमचं मिशन. पलीकडे दुसरं. आणखी तीन कोसांवर रोमन कॅथलिकांचं. दुष्काळ सरता सरता नदीला पूर आला, आजोबांना तो उतरायच्या आधी कामाला जावं लागलं म्हणून ते अलीकडच्या कामावर गेले. आई हे हसत सांगायची. मीही आजवर हसतच ऐकलं.
नदीला पाणी कमी असतं तर मी कोण असतो?
आणि एकच कुठलं तरी खरं असेल तर आजोबांचं काय झालं? आईचं?
इथे थांबतो.

३ फेब्रुवारी, रविवार
भांडुपला, आमच्या देवळात, उपासना. आज प्रभुभोजन. फि. पहिल्या बाकावर होती, पण उठली नाही. सगळे पुढे गेले, ती एकटी बसून, पदर नीट करत. पाळकसाहेबांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.
मी घेतलं. दरवेळी घेतो तसंच. पण पहिल्यांदा वाटलं, हे नुसतं पाव आणि द्राक्षरस असेल तर? असं देवळात उभं राहून वाटलं.
घरी येताना फि. म्हणाली, "मी तिथलं पण सोडलं आणि इथलं पण. आता मधेच काही झालं तर?"
काही होत नाही, म्हणालो. माझ्या म्हणण्याला काय अर्थ.

६ फेब्रु.
वाट लागली होती आज. बॉयलरला पाणी देणारा फीड पंप बंद पडलेला, मला पत्ता नाही. दर अर्ध्या तासाला लॉगबुकात पाण्याची पातळी लिहीत होतो, पातळी दाखवणाऱ्या काचेकडे न बघता, मागचाच आकडा. मोरे कोळशाच्या जुन्या शेडकडून आला, त्याने काचेकडे पाहिलं आणि सरळ बर्नर बंद केला. पाणी तळाला गेलेलं. अजून थोडा वेळ गेला असता तर नळ्या गेल्या असत्या. कदाचित आम्हीही.
मोरे ओरडला नाही. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पाळीवरचा दुसरा अटेंडंट. फोरमनला म्हणाला, पंप ट्रिप झाला, वेळेत कळलं. खरं तेवढंच. बाकीचं पोटात ठेवलं त्याने.


८ फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत मोरेला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. त्याने त्याच्या घरचं सांगितलं.
त्यांच्या घरी दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी देवाचे टाक नदीत सोडले. आजीही सगळ्यांबरोबर वंदना म्हणायची. मरायच्या आदल्या दिवशी तिने मुलाला विचारलं, माझे देव कुठल्या डोहात टाकलेस? डोहाचं नाव तेवढं सांग.
"मग?"
"मग काय. वडील उठून बाहेर गेले. ओट्यावर बसले. ती दुसऱ्या दिवशी गेली."
"चुकलं त्यांचं?"
"टाक सोडले ते बरोबरच केलं. मी पण तेच केलं असतं. त्यांना तेव्हाही पटलेलं होतं, नंतरही. पण डोहाचं नाव सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं यार? नंतर वीस वर्षं ते कधी त्या नदीवर गेले नाहीत."
डबा तसाच राहिला माझा.

११ फेब्रु.
एकटा फादरकडे गेलो. सरळ विचारलं. "तुमचंच एक खरं का? हो की नाही सांगा."
चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "पूर्ण आहे ते आमच्याकडे आहे, असं मी मानतो. बाहेर काहीच नाही, असं आम्ही आता म्हणत नाही."
"आधी म्हणत होतात?"
"माझ्या लहानपणी सर्रास म्हणायचे."
"मग त्या वेळी मेले त्यांचं?"
"मला माहीत नाही, यशवंत." पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "मी प्रार्थना करतो त्यांच्यासाठी. माझी एक मावशी होती त्यात."
मला वाटलं होतं, ठाम काही बोलतील म्हणजे मला भांडता येईल.
मी म्हणालो, चौदा वर्षं पुसायची आणि वर साक्षीदार आणायचे, हे माझ्याने होणार नाही. तेव्हा त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. बिशपांकडे अर्ज करता येतो. मंजूर झाला तर पहिलंच लग्न, पहिल्या दिवसापासून, धरलं जातं. पुन्हा काही म्हणायचं नाही.
"हे आधी का नाही सांगितलंत?"
"वेळ लागतो. दोन महिने, तीन महिने. फिलोमिनाच्या तब्येतीला तेवढा वेळ आहे की नाही मला ठाऊक नव्हतं."
अर्ज भरला. फि.ला घरी येऊन सांगितलं. ती खूप वेळ माझा हात धरून बसली. "थांबते मी," म्हणाली. "मार्चअखेरपर्यंत येईल ना?"
येईल, म्हणालो.

२० फेब्रु., बुधवार
राखेचा बुधवार. फि. चर्चमधून कपाळावर राख लावून आली. आमच्यात नसते ही पद्धत. शालूने बोटाने पुसायला हात पुढे केला, फि.ने तिचा हात वरच्यावर धरला.
मी घाबरलो उगाच. राख कपाळावर पाहिली की नको ते डोळ्यांसमोर येतं.

२५ फेब्रु.
सकाळी खोकल्यातून रक्त. पांढऱ्या टॉवेलवर. शालू शाळेत गेली होती तेवढं बरं.
टॅक्सी करून हॉस्पिटल. ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, मार्चअखेरची वाट बघायची नाही. शुक्रवारी घेतो.
आज सोमवार.
रक्त द्यायला तिघे पाहिजेत. मोरे, पास्कू, मी. मोरे सांगायच्या आधीच आला.

२७ फेब्रु.
फादरकडे. अर्जाचं काही आलेलं नाही. येणारही नाही एवढ्यात. म्हणाले, मी वॉर्डात येऊन तिचं कुमसार, पापांची कबुली, ऐकतो, पवित्र तेल लावतो, मरणाच्या धोक्यात ते सगळं करता येतं, तुमच्यावर कसली जबरदस्ती नाही.
वॉर्डात गेलो. फि.ला सांगितलं. ती म्हणाली, बरंय, तेवढं पुरे. अर्ज येईल तेव्हा येईल. माझ्यासाठी म्हणत होती. नखं निळसर दिसत होती तिची.
पास्कू बाहेर बाकावर होता. मला म्हणाला, "भावोजी, मी आईचं बोललो नसतो तर बरं झालं असतं." रडला. चाळीस वर्षांचा माणूस. मी त्याला म्हणालो, उद्या साक्षीदार म्हणून उभा राहशील का?
हे कधी ठरवलं मलाच माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

२८ फेब्रु., गुरुवार
झालं.
भेटीची वेळ चार ते सहा. फादर आधी एकटे तिच्याजवळ बसले, पडदा लावून. मग मला, पास्कूला, मोरेला आत बोलावलं. दुसरा साक्षीदार मोरे. फादर म्हणाले चालतं. मोरेने टोपी काढून हातात धरली.
शेजारच्या खाटेवरच्या बाई पाहत होत्या. सिस्टर म्हणाली, लवकर आटपा, डॉक्टरांचा राउंड आहे.
मी मनात नीट करून घेतलं. फसवायचं नाही, होईल ते पूर्ण होऊ दे, ती उद्या आत जाणार. एकेक वर्ष काढून टाकलं. आमचं देऊळ, पाळकसाहेबांचा हात, तिची ती पांढरी साडी, शालू झाली तो दिवस. हे काही धरायचं नाही. आज पहिल्यांदा. असं मनात आणून मी हो म्हणालो. किती जड गेलं ते मोरेला दिसलं असावं, त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.
फि.ला दम लागत होता. थांबून थांबून म्हणाली. फादरनी आशीर्वाद दिला, तेल लावलं, ख्रिस्तशरीर दिलं. चौदा वर्षांनी. तिने डोळे मिटले.
सगळे बाहेर गेले. मी उशी नीट करत होतो. तिने मला खाली वाकायची खूण केली.
"मी जुनंच म्हणाले रे."
"काय?"
"नवं म्हणायला गेले, जमेना. पहिल्या दिवसाचंच आलं मनात. तेच धरून म्हणाले."
"फिलू, फादर म्हणाले होते..."
"माहीतय. तू त्यांना सांगू नको."
सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. मला बाहेर काढलं.

१ मार्च
सात वाजता नेलं. पास्कू जपमाळ घेऊन एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मोरे पाळी टाकून आलेला, मधे.
प्रार्थना करायला गेलो तर सुचेना, कोणाच्या शब्दांत करायची. हे खरं आहे. मी, जो महिनाभर म्हणत होतो की त्यांचं ते सगळं कागदी आहे, तो बाकावर बसून एवढाच विचार करत होतो की काल झालं ते झालं का. तिने जुनं धरलं. म्हणजे झालं नाही. म्हणजे ती आत्ता आत आहे आणि...
अकराला डॉक्टर आले. झडप मोकळी झाली. पुढचे दोन दिवस बघू.
पास्कूने माझा हात धरला.

५ मार्च
शुद्धीत आहे, बोलते. फादर येऊन ख्रिस्तशरीर देऊन गेले. ती घेत असताना मी खिडकीबाहेर बघत होतो. तिला अधिकार नसताना ती घेते आहे का? पाप असलं तर कोणाचं? तिचं, की माहीत असून गप्प बसलेल्या माझं?
पाळकसाहेबही येऊन गेले. फळं आणली. पाच मिनिटं तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. लग्नाबद्दल एक अक्षर नाही. त्यांना कळलं आहे, हे मला कळलं.

१६ मार्च
घरी आणलं. जिना चढली, मधे एकदाच थांबून. शालूने दारात रांगोळी काढली होती, शेजारच्या सावंतवहिनींनी शिकवली म्हणे.
फि. भात-वरण दोनदा मागून जेवली.

२० मार्च
तिला विचारलं. "परत एकदा जाऊन नीट म्हणायचं का? आता दम लागत नाही."
"काय नीट म्हणायचं?"
"नव्याने."
ती हसली. "मला नाही जमणार. तुला कसं जमलं?"
जमलं तर होतं. तिला ते कसं सांगू, की त्या दहा मिनिटांत मी तिला, शालूला, सगळ्याला...
"तुला भीती नाही वाटत आता?"
"नाही. गंमत आहे ना? फादर आले, तू हो म्हणालास, मला वाटलं झालं."
"झालं नाही पण. त्यांच्या हिशेबाने."
"मग अर्ज आहे की," असं म्हणून ती शालूची वेणी घालायला बसली.
डॉक्टर म्हणालेत, झडप पुन्हा आवळू शकते. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. हे तिला सांगितलेलं नाही.

२४ मार्च, रविवार
फि. आणि शालू सातच्या मिस्साला, कॅथलिक उपासनेला. मी त्यांना पाच रस्त्यापर्यंत सोडून पुढे भांडुपला जाणार होतो. मग चर्चच्या फाटकापर्यंत गेलो. आत नाही गेलो. फि. आत गेली ती वळून न बघता. शालूने दोनदा पाहिलं.
फादर बाहेर आले, झगा घालून, मिस्सा सुरू व्हायला पाच मिनिटं होती. खूश दिसले. म्हणाले, "बरं झालं भेटलात. तो अर्ज आता लागणार नाही. उद्या चिठ्ठी पाठवून मागे घेतो."
मी म्हणालो, "नको."
"नको म्हणजे?"
"राहू द्या तिथेच."
"अहो, पण तुमचं झालंय ना वॉर्डात? मी स्वतः लावलं."
घंटा वाजायला लागली. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी आत जात होते. ते थांबले होते, एक हात फाटकावर. आत कुठेतरी फि. गुडघे टेकून बसली असेल, सगळ्यांबरोबर पुढे जाणार असेल.
"फादर, राहू द्या," एवढंच म्हणता आलं. बाकीचं फि.ने सांगू नको म्हटलं होतं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मिस्सा झाल्यावर थांबाल का?"
मी हो म्हणालो. भांडुपची उपासना नऊला आहे. आत्ता सात वाजून दहा मिनिटं. समोरच्या इराण्याकडे बसून लिहितोय.